सकाळी उरणची वाळू, रात्री वाशीत गाणं: नवी मुंबईत नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी एका सुट्टीची आखणी

नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांना पहिले काही महिने वाटत असतं की समुद्र अगदी दाराशी आहे. वाशीच्या पुलावरून पाणी दिसतं, नेरुळच्या उंच इमारतींच्या गच्चीवरूनही दिसतं. पण ती खाडी आहे. तिच्या काठाला खारफुटी आहे आणि ओहोटीला उघडा पडणारा गाळ आहे. फिरायला आणि पक्षी बघायला ती जागा उत्तम, मुलांना वाळूत सोडायला मात्र तिथे वाव नाही. वाळूचा किनारा हवा असेल तर सगळ्यात सोपी वाट उरणची. नवी मुंबई वसवताना ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतली ९५ गावं धरली गेली होती, त्यामुळे जिल्हा रायगड असला तरी उरण नवी मुंबईकरांना परकं नाही. शिवाय जानेवारी २०२४ पासून नेरुळ आणि बेलापूरहून थेट उरणपर्यंत लोकल जाते.

इथे एकाच सुट्टीची आखणी दिली आहे. सकाळी उरणचा पिरवाडी किनारा, दुपारी घर, रात्री वाशीच्या नाट्यगृहात गाण्याचा कार्यक्रम. दिवसात या दोनच गोष्टी ठेवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. 'एवढं लांब आलोच आहोत तर' म्हणून घारापुरी, येताना मॉल, वाटेत मावशीकडे चहा असं काही मध्ये घातलं की संध्याकाळी मुलं किरकिर करतात, आजोबा खुर्चीत पेंगतात आणि जे गाणं ऐकायला तिकिटं काढली ते कुणाच्याच कानात शिरत नाही.

आधी पंचांग, मग तारीख

समुद्रावर कधी जायचं हे सुट्टीवर ठरत नाही, पाण्यावर ठरतं. पिरवाडीचा किनारा धुपत आलाय. ऐन भरतीला तिथे बसायला फार थोडी वाळू उरते, आणि ओहोटीला तोच किनारा ऐसपैस होतो. म्हणून तारीख ठरवण्याआधी भरती-ओहोटीची वेळ काढायची.

त्यासाठी कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे आणि तो प्रत्येकाने शिकून घ्यावा असा सोपा आहे. घरातलं कालनिर्णय काढा, त्या दिवशीची तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या वाजता भरती. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारला भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. पुढची भरती दुपारी चारनंतर. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. तिथी एक ते पंधरा मोजायची. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळभर पाणी चढत राहणार आणि तुम्ही चटई पसराल तिथे अकराला लाट येणार. दशमीला साडेसातला भरती, म्हणजे पाणी ओसरेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं. हा अंदाज आहे, पाऊण-एक तास पुढेमागे होतो. पण महिनाभराच्या तारखांतून योग्य दिवस निवडायला तो पुरतो. दिवस ठरला की नेमकी वेळ इंटरनेटवर मुंबईच्या, म्हणजे अपोलो बंदरच्या भरतीच्या तक्त्यात बघून घ्या.

हिशेब पुढे नेला तर सकाळच्या सहलीला सगळ्यात चांगल्या तिथी निघतात चतुर्थी, पंचमी आणि षष्ठी. या दिवशी सव्वानऊ ते पावणेअकराच्या दरम्यान ओहोटी तळाला असते. महिन्यात असे दोन तुकडे येतात, एक शुद्ध पक्षात, एक वद्य पक्षात. त्यात शनिवार-रविवार सापडला की तो दिवस धरून ठेवा. आणखी एक फायदा असा की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण तोवर उतरलेलं असतं. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं आणि ओढ जबरदस्त असते. अष्टमीकडे जाताना चढ-उतार कमी होत जातो, त्याला भांग म्हणतात. लहान मुलं बरोबर असताना भांगाकडे झुकलेला दिवसच बरा.

घरात संकष्टी धरणारं कुणी असेल तर वद्य चतुर्थी सोडून पंचमी घ्या. संकष्टीचा चंद्रोदय साधारण रात्री नऊच्या आसपास असतो आणि नेमका तेव्हा कार्यक्रम रंगात आलेला असतो. आजींना उपास सोडण्यासाठी ताटकळत ठेवू नये.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर नऊ वाजताच वाळू तापते. जून ते सप्टेंबर उरणच काय, कुठल्याच उघड्या किनाऱ्यावर मुलांना घेऊन जाऊ नका. पावसाळ्यात लाट कुठून उचलेल याचा भरवसा नसतो आणि पावसाळ्याच्या सुमाराला वाहून आलेले जेलीफिशही किनाऱ्यावर पडलेले असतात. हिवाळ्यातसुद्धा आदल्या रात्री उंच लाटांचा इशारा आहे का ते बघा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तो देते आणि बातम्यांतही येतो.

शनिवार की रविवार? मी शनिवार म्हणेन. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, हार्बरवर किंवा ट्रान्स हार्बरवर गाड्या बंद असल्या तर ठाण्याकडून किंवा मानखुर्दकडून येणाऱ्यांचा सकाळचा हिशेब कोलमडतो. शिवाय रात्रीचा कार्यक्रम साडेआठला सुरू झाला तर घरी यायला मध्यरात्र होते आणि सोमवारी शाळा असते. रविवारच घ्यायचा असेल तर संध्याकाळी लवकर संपणारा कार्यक्रम शोधा.

तिकिटं किनाऱ्याआधी काढायची

दिवस ठरला की लगेच गाण्याचा कार्यक्रम शोधायला लागा. वाशीला सेक्टर १६ए मध्ये महापालिकेचं विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. ज्या भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं त्यांचं नाव या वास्तूला आहे. नाटकांबरोबर तिथे भावगीतं, नाट्यसंगीत, जुन्या हिंदी चित्रपटगीतांचे वाद्यवृंद असे कार्यक्रम होत असतात. पनवेलकरांना वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह जवळ पडेल. ठाणेकरांना तलावपाळीवरचं गडकरी रंगायतन किंवा घोडबंदर रस्त्याकडचं काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. त्यांनी सकाळी ट्रान्स हार्बरने नेरुळला येऊन उरणची गाडी पकडायची, एवढाच फरक.

जाहिराती शनिवार-रविवारच्या मराठी वर्तमानपत्रांत येतात. बुक माय शो आणि तिकिटालय या अॅपवरही बऱ्याच कार्यक्रमांची तिकिटं मिळतात. तरी जमलं तर एकदा तिकीटबारीवर जाऊनच काढा. तिथला माणूस आसनांचा नकाशा समोर ठेवतो आणि प्रश्न विचारता येतात. लहान मूल चालेल का? आजोबांना किती पायऱ्या चढाव्या लागतील? मध्यंतर आहे का? अॅपवर यातलं काही कळत नाही.

आसनं निवडताना अगदी पहिल्या दोन-तीन रांगांचा मोह टाळा. तिथे स्पीकर थेट कानावर येतात आणि लहान मुलं दचकतात. मधल्या रांगांत, कडेची जागा घ्या, म्हणजे मुलाला मध्येच बाहेर न्यायचं झालं तर दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. बाल्कनी स्वस्त असते, पण गुडघेदुखी असलेल्या माणसाला तिथे नेऊ नये.

कुठला कार्यक्रम निवडावा? घरात तीन पिढ्या असतील तर वाद्यवृंद किंवा भावगीतांचा कार्यक्रम. आजीला शब्द पाठ असतात, आईबाबांना चाल, आणि मुलांना ढोलकी-ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याचे हात बघायला आवडतात. शास्त्रीय मैफल पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी जरूर ऐकावी, पण सकाळी समुद्रावर गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाकडून विलंबित ख्याल शांतपणे ऐकून घ्यावा अशी अपेक्षा करू नये. तो कार्यक्रम वेगळ्या दिवशी. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर बंद नाट्यगृहाऐवजी खुल्या मैदानावरचा कार्यक्रम बघा. गणपती-नवरात्रात मंडळांचे असतात, हिवाळ्यात आगरी-कोळी महोत्सव भरतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमामुळे उघड्यावरचे लाऊडस्पीकर सहसा रात्री दहाला बंद होतात, ते लहानांच्या घरांना सोयीचंच. आणि ज्या मातीत आपण राहायला आलो तिचं गाणं तिथे कानावर पडतं. आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते, विधीचं पौरोहित्यच ती गाण्यातून करते. नवी मुंबईत सोसायट्यांच्या पलीकडे जुन्या गावठाणांत ही परंपरा आहे हे नव्याने आलेल्यांना ठाऊक नसतं.

आदल्या रात्रीची पिशवी

सामान कमीत कमी, पण यातलं काही विसरू नका: पाच लिटरचा पाण्याचा कॅन, पिण्याचं पाणी वेगळं, प्रत्येकाचे एक जोड सुती कपडे, जुनी चादर किंवा चटई, टोप्या, कोरडा पंचा, आणि टाल्कम पावडरचा डबा. पावडर कशाला, असं वाटेल. पायाला चिकटलेली वाळू ओल्या हाताने निघत नाही, आणखी पसरते. पाय कोरडे होऊ द्या, वर पावडर भुरभुरा आणि पंचाने झटका, वाळू सगळी खाली येते. गाडीत बसण्याआधी हे केलंत तर घर वाळूने भरत नाही.

पायात मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या शिंपल्यांची कड पात्यासारखी कापते. साध्या स्लिपरा ओल्या वाळूत अडकतात आणि खडकावर निसटतात.

खायला तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं. दडपे पोहे घरून करून नेले तर वाळूच्या वाऱ्यात डबा उघडायची पंचाईत होते, पुरी हातात धरून खाता येते. मोठ्यांसाठी थर्मासमध्ये चहा, मुलांसाठी ताक किंवा कोकम सरबत. चिप्सच्या पुड्या नेऊच नका, त्यांची पाकिटं वाऱ्याने उडून पाण्यात जातात आणि मुलं त्यांच्यामागे पळतात. आपला कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी ठेवा.

सकाळची गाडी

साडेआठ-नऊपर्यंत किनाऱ्यावर पोहोचायचं ठरवा. उरणच्या गाड्या हार्बरसारख्या दर पाच-दहा मिनिटांनी नसतात. एक चुकली तर बराच वेळ फलाटावर बसावं लागतं, म्हणून एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या अॅपवर जातानाची आणि येतानाची अशा दोन्ही वेळा आदल्या दिवशी बघून कागदावर लिहून ठेवा. तिकीट परतीचंच काढा. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पाच ते बाराच्या मुलांना अर्धं.

नेरुळहून निघा की बेलापूरहून, पुढे खारकोपर, न्हावा शेवा, द्रोणागिरी करत गाडी उरणला जाते. सकाळी गर्दी बेताची असते, मुलांना खिडकी मिळते. खारफुटी, खाडीची पात्रं, आणि न्हावा शेवाकडे बंदराचे कंटेनर एकावर एक रचलेले. हे बंदर १९८९ पासून चालू आहे. गाडी घेऊन रस्त्याने जायचं असेल तर याच बंदराचे ट्रेलर तुमच्या पुढे-मागे असतील हे लक्षात ठेवा. कोंडी कुठे आणि किती वेळ लागेल याचा नेम नसतो, आणि उन्हात थांबलेल्या गाडीत मुलांचा मूड सकाळीच जातो. मुंबईकडून येणाऱ्यांना अटल सेतू आहे, पण त्यावर दुचाकींना बंदी आहे. भाऊच्या धक्क्याहून उरणजवळच्या मोरा बंदराला लाँचही येते. मात्र मोऱ्याला गाळ साचतो आणि ओहोटीला बोटी थांबतात. आपण तर मुद्दाम ओहोटीच्या वेळी जातोय, तेव्हा ती वाट या दिवसासाठी नको.

उरण स्टेशनाबाहेर रिक्षा मिळतात. बसण्याआधी भाडं ठरवा आणि लगेच परतीचंही बोलून घ्या: "दादा, पिरवाडीला सोडा, आणि पावणेअकराला परत घ्यायला याल का?" नंबर घेऊन ठेवा. किनाऱ्यावर दर वेळी रिक्षा उभी असेलच असं नाही, आणि दोन मुलं, चटई, भिजलेले कपडे घेऊन उन्हात चालणं कुणाला नको असतं.

वाळूवर

पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटं कुणालाही पाण्याकडे सोडू नका. चटई ओल्या वाळूच्या रेषेपासून बरीच वर पसरा. किनाऱ्यावर दोन खुणा ठरवा, एक डावीकडचं झाड, एक उजवीकडचा दगड, आणि मुलांना सांगा की खेळायचं ते याच्या आत. एका मोठ्या माणसाने फक्त मुलांकडे बघायचं. फोन नाही, फोटो नाही. अर्ध्या तासाने दुसऱ्याची पाळी. सगळे बघताहेत म्हणजे कुणीच बघत नाही, हे किनाऱ्यावर फार लवकर घडतं.

पाण्यात घोट्यापर्यंत, फार तर मोठ्यांचा हात धरून गुडघ्यापर्यंत. त्यापुढे नाही. पाणी उतरत असताना ते आत ओढतं, आणि चांगलं पोहणाऱ्यालाही तलावाची सवय समुद्रात उपयोगी पडत नाही. भरती परत लागली की खडकांवर गेलेल्यांनी ताबडतोब वर यावं, कारण मागच्या बाजूच्या सखल वाळूत पाणी आधी भरतं आणि परतीची वाट बंद होते. गाडी वाळूवर उतरवण्याचा हट्ट काही जण करतात. ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक रुतलं की भरतीच्या आत ते निघेलच याची खात्री कुणी देत नाही. अडचण आलीच तर ११२ वर फोन करा आणि आजूबाजूच्या गाववाल्यांना हाक मारा. समुद्र त्यांच्या रोजच्या ओळखीचा असतो.

आता आनंदाचा भाग. पाणी उतरलेल्या ओल्या वाळूवर जरा वाकून बघा. मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या पसरलेल्या दिसतील, कधी ओळीने, कधी एखाद्या भोकाभोवती किरणांसारख्या. हे काम एका इवल्याशा खेकड्याचं. पाणी ओसरलं की तो बिळातून बाहेर येतो, वाळूचा घास तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं ते टिपून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. मग एक पाऊल पुढे, दुसरी गोळी. तुमची सावली पडली की सगळे एकदम बिळात. मुलांना उकिडवं बसवा, हलू नका, सूर्य समोर ठेवा म्हणजे सावली मागे पडेल. थोड्याच वेळात एक येतो, मग दुसरा. दोन्ही नांग्या आळीपाळीने तोंडाकडे नेतानाचा तो वेग बघताना मोठी माणसंही तिथून उठत नाहीत. भरती आली की या सगळ्या गोळ्या विरघळतात आणि पुढच्या ओहोटीला तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

किल्ला करायचा तर ओल्या-कोरड्याच्या मधली वाळू घ्या. फार ओली ढासळते, कोरडी उभीच राहत नाही. मोठ्यांनी काही करायची गरज नाही. चटईवर आडवं व्हा, टोपी तोंडावर घ्या, लाटा ऐका. आठवडाभर घड्याळाच्या काट्यावर धावणाऱ्या घराला एवढं आडवं होणंच हवं असतं, आणि त्यासाठीच इथवर यायचं.

साडेदहाला आवरायला लागा, मुलांनी कितीही विनवण्या केल्या तरी. अकरानंतरचं ऊन हिवाळ्यातही चटका देतं आणि पाणीही वळलेलं असतं. कॅनच्या पाण्याने पाय धुवा, पावडरचा प्रयोग करा, सुके कपडे घाला. परतताना उरणच्या बाजारात सुकट, सुके बोंबील घ्यायचे असतील तर दोन पिशव्यांत घट्ट बांधून घ्या. शनिवार पाळणाऱ्यांना ते रविवारी कामाला येतील. ताजी मासळी या दिवशी नको. घरी गेल्यावर ती साफ करत कुणी उभं राहू नये. जून-जुलैत तर यांत्रिक बोटींची मासेमारी बंदच असते, पण तेव्हा आपण जाणारच नाही.

मोकळी दुपार

साडेबारा-एकला घरी. एकेकाची अंघोळ, खारं पाणी केसांतून नीट काढायचं, मुलांच्या मानेवर आणि खांद्यांवर खोबरेल तेलाचा हात. जेवण आदल्या रात्री ठरवलेलं आणि सोपं: वरणभात, तूप, लिंबू, पापड. कुकर लावण्यापलीकडे कुणालाही स्वयंपाकघरात काम नको. मग पडदे ओढा आणि सगळ्यांनी झोपा. खरंच झोपा. 'थोडं पडतो' म्हणून टीव्ही लावला तर रात्री नाट्यगृहात झोपाल. अख्ख्या दिवसाची तब्येत या दोन-अडीच तासांवर आहे, म्हणून दुपारी पाहुण्यांना बोलावू नका आणि 'जरा डीमार्टला जाऊन येतो' असं म्हणणाऱ्यालाही अडवा.

झोप चांगली झाली आणि पाय शिवशिवत असतील तर कार्यक्रमाआधी अर्धा-पाऊण तास वाशीच्या मिनी सीशोअरला किंवा सागर विहारला जाता येईल. नवी मुंबईची खाडीबाजू पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य पाण्यापलीकडे मुंबईच्या दिशेला बुडताना दिसतो. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला. नोव्हेंबर ते मे या काळात खाडीत रोहित पक्षी असतात. ते ओहोटीला उघड्या गाळावर चरतात, म्हणजे इथेही तिथीचा तोच हिशेब. पंचमीला रात्री साडेदहाच्या सुमाराला ओहोटी तळाला, तेव्हा सूर्यास्ताला पाणी नुकतं उतरायला लागलेलं असतं आणि पक्षी थोडेच दिसतील. त्यांच्यासाठी मुद्दाम वेगळा दिवस काढा. थकवा वाटत असेल तर हे सगळं सोडून द्या आणि घरीच चहा घ्या.

गाण्याची रात्र

सातला हलकं जेवा. मुगाची खिचडी, ताक. बाहेरचे डबे नाट्यगृहात नेऊ देत नाहीत आणि मध्यंतरातल्या बटाटेवड्यावर रात्र काढता येत नाही. तो वडा खायचाच, पण भूक भागवायला नाही. आजीसाठी शाल घ्या, एसीचा गारवा दुपारच्या उन्हानंतर जास्त बोचतो. वाशी स्टेशनवरून रिक्षाने किंवा एनएमएमटीच्या बसने नाट्यगृह जवळ आहे. गाडी नेणाऱ्यांनी जागा शोधायला पाऊण तास हाताशी ठेवावा.

पहिल्या घंटेच्या आधी आसनावर बसा. पडदा उघडला की अजून गाणं सुरू व्हायचं असतं तेव्हाच मुलांना तबलजीकडे बघायला सांगा. त्याच्या हातात छोटी हातोडी असते. पेटीवाला सा धरतो. तबलजी बोटाने चाटेवर, म्हणजे तबल्याच्या तोंडाच्या कडेवर, टिचकी मारतो, कान खाली नेतो, मग तबल्याच्या कडेच्या गजऱ्यावर हातोडीचा हलका ठोका. सूर चढवायचा तर वरून, उतरवायचा तर खालून. तबला थोडा फिरवतो, पुन्हा टिचकी, पुन्हा ठोका. सगळीकडून तोच सूर येईपर्यंत हे चालतं. बराच उतरला असेल तर कडेचे लाकडी गट्टे ठोकतो. एसीच्या हवेत कातडं बदलतं म्हणून दोन गाण्यांच्या मध्येही हातोडी निघते. मोबाईलवर गाणी ऐकणाऱ्या मुलांना वाद्य आधी सुरात आणावं लागतं हे इथे पहिल्यांदा दिसतं, आणि ते बघितलं की पुढचं गाणं ती वेगळ्या कानांनी ऐकतात.

टाळी कधी वाजवायची हा संकोच नवख्यांना असतो. गाणं संपल्यावर तर वाजवायचीच. नाट्यगीतात तान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन पडली की प्रेक्षागृहातून आपोआप दाद जाते, तेव्हा तुम्हीही मोकळेपणाने द्या. फार आवडलं तर 'वन्स मोअर' म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ते मुद्दाम मुलांकडून म्हणवून घ्या, गायकांनाही आवडतं. शास्त्रीय अंगाच्या मैफलीत शेवटी भैरवी येते. ती लागली की कार्यक्रम संपत आला हे समजा, पण पार्किंगमधून लवकर निघण्यासाठी भैरवीत उठू नका. समोर गाणाऱ्या माणसाला ते दिसतं.

फोन बंद. एखादं गाणं रेकॉर्ड करण्याचा मोह होतो, पण अंधारात उजळलेला पडदा मागच्या चार रांगांना त्रास देतो, शिवाय परवानगीही नसते. मूल मध्यंतराआधीच कंटाळलं तर रागावू नका. त्याला बाहेर घेऊन जा, पाणी पाजा, दारातून जरा ऐकू द्या, मग परत आणा. आईबाबांनी आधीच ठरवून घ्या की पहिल्या अर्ध्यात कोण बाहेर जाईल आणि दुसऱ्या अर्ध्यात कोण. म्हणजे दोघांनाही निदान अर्धा कार्यक्रम सलग ऐकायला मिळतो.

कार्यक्रम सुटला की बाहेर एकाच वेळी शेकडो माणसं रिक्षा शोधतात. आजी-आजोबांना आतच बसवा, एकाने पुढे जाऊन रिक्षा थांबवा. लोकलने जाणार असाल तर शेवटच्या गाड्यांच्या वेळा त्याच सकाळच्या कागदावर लिहिलेल्या असू द्या.

घरी आल्यावर एकच काम, आणि तेही सकाळवर ढकललं तरी चालेल: समुद्रावरचे कपडे थेट वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. बाल्कनीत झटका, बादलीत दोन पाण्यांतून काढा, खाली बसलेली वाळू झाडाच्या कुंडीत न टाकता कचऱ्यात टाका, कारण तिच्यात मीठ असतं. मग मशीन लावा.